अजून काही, बाबा?

गोटी दिवसभर काय करते, हे सगळ्यांना माहीत होतं. अडचण एवढीच होती की प्रत्येकाला काहीतरी वेगळंच माहीत होतं.

खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई छातीठोकपणे सांगायच्या, की वरची मुलगी दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरते. चोर कुलूप तोडून शिरतो तशी, फक्त घरबसल्या आणि अनवाणी. एकदा तर त्यांनी गोटीला जिन्यात गाठलं, वर-खाली बघून घेतलं आणि आवाज एकदम बारीक केला.

"माझ्या जावेचा फोन आहे ना, त्यात जरा डोकावता येईल का तुला? सगळं नको बघूस. माझ्याबद्दल काय लिहिते तेवढंच."

"काकू, मला ते येत नाही."

"येत नाही, की करायचं नाही?"

"दोन्ही."

"मग एवढं शिकून उपयोग काय," असं म्हणून त्या जिना उतरून गेल्या आणि चांगले चार दिवस रुसून बसल्या.

गेटवरच्या वॉचमनचं म्हणणं वेगळं. त्याची खुर्ची अशा कोनात होती, की मान वर केली की थेट गोटीची खिडकी. त्याला काय दिसायचं? ही मुलगी खिडकीत उभी राहते, समोरच्या भिंतीवरच्या गंजक्या पाइपाकडे वीस-वीस मिनिटं बघत बसते, मग खोलीत येरझाऱ्या घालते, मग पुन्हा पाइप. हातात काही नाही, तोंडात शब्द नाही. त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं की हिचं ठरलेलं लग्न मोडलंय. म्हणून कुरियर द्यायला वर यायचा तेव्हा तो फार हळू बोलायचा, आजारी माणसाशी बोलावं तसा.

मामाला वाटायचं, आपली भाची काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं धबधब्यासारखी सोडत असणार. मामीला वाटायचं, बाई गं, गणितात केवढं डोकं लागत असेल. आणि गोटी सातचा पाढा अजूनही मध्येच श्वास घेऊन म्हणायची. पण हे कुणाला सांगणार? आपल्याबद्दलचा एवढा चांगला गैरसमज स्वतःच्या हातांनी मोडायचा म्हणजे जिवावर येतं.

खरं सांगायचं तर ते पाइपाकडे बघणं, तेच तिचं काम होतं. टाइप करणं दिवसाकाठी तासभर, फार तर दीड. बाकी सगळा वेळ डोक्यात पत्त्यांचा बंगला बांधण्यात जायचा. हे असं झालं तर ते तसं होईल, ते तसं झालं तर पलीकडचं घसरेल, ते घसरू नये म्हणून इथे एक टेकू, आणि टेकू दिला की मागचं सगळं पुन्हा पहिल्यापासून. बंगला पुरा उभा राहिला की मग कुठे कळायचं, यातला कुठला पत्ता उलटा लागलाय. आणि बांधकाम चालू असताना कुणी नुसतं "चहा घेणार का" विचारलं, तरी सगळं भुईसपाट.

म्हणून गोटी एकटी राहायची. एकटी काम करायची, एकटी जेवायची, ताट-वाटी धुऊन तीच ताट-वाटी पुन्हा घ्यायची. आठवड्यातून दोनदा साहेबांबरोबर स्क्रीनवर मीटिंग असायची. त्याच्या आधी ती पंख्याकडे बघून "हॅलो, हॅलो" म्हणून बघायची, आवाज फुटतोय का ते. कधीकधी पहिला हॅलो फुटायचाच नाही.

या सगळ्यांत बाबांचं मत सर्वांत पक्कं होतं, कारण ते स्वतः त्याच धंद्यातले होते. निदान त्यांना तसं वाटायचं.

बाबा टायपिस्ट. जमिनीच्या कचेरीसमोर, पत्र्याच्या छपराखाली त्यांचं टेबल होतं. टेबलावर लोखंडी टाइपरायटर आणि समोर माणसांची रांग. अर्ज, करारनामे, तक्रारी, तक्रारीवरच्या तक्रारी. पस्तीस वर्षं. गोटी त्या टेबलाखालीच वाढली. गोल होती, घरंगळत कुठेही जायची, म्हणून गोटी. संध्याकाळी सात वाजले की बाबा मशीनवर कव्हर चढवायचे, खाली वाकायचे आणि म्हणायचे, "चला, आजची पानं संपली."

त्यामुळे मुलगी कीबोर्डवर काम करते म्हटल्यावर त्यांना पुढचं काही विचारायची गरजच उरली नव्हती. फक्त एकच प्रश्न असायचा.

"आज किती पानं झाली?"

"बाबा, आमच्यात पानं नसतात. ओळी असतात."

"बरं, ओळी किती?"

"आज उणे चाळीस."

"उणे?"

"चाळीस ओळी काढून टाकल्या. नको होत्या. मस्त गेला दिवस."

पलीकडून अगदी जपून, "साहेबांना कळलं का?"

"साहेबांनी शाबासकी दिली."

"चांगला माणूस आहे," बाबा म्हणाले. "त्याला सोडू नकोस."

आई गेली त्या वर्षी बाबांनी टेबल बंद केलं. लोक अर्ज फोनवरूनच करायला लागले होते आणि रांगेत उरले होते फक्त बाबांशी गप्पा मारायला येणारे दोघे-तिघे. गोटीने घरी कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेऊन दिला, म्हणजे शेजारपाजारचं काही किरकोळ असलं तर बसल्या जागी होईल. आणि तिथून जे प्रिंटरपुराण सुरू झालं ते काही संपेना.

रोज संध्याकाळी सात वाजता फोन.

"गोटी, हा कागद चावतोय."

"गोटी, हा दिवा लाल का झाला? मी काही केलं नाही. नुसता शेजारून गेलो."

"गोटी, हा म्हणतो तुम्ही रांगेत आहात. कसली रांग? मी एकटाच आहे घरात."

"बाबा, मी प्रिंटर दुरुस्त नाही करत. मी प्रोग्रॅम लिहिते."

"तेच ते. डॉक्टरला कानाचं विचारलं तर तो काय, मी फक्त नाकाचा बघतो म्हणतो?"

"म्हणतो, बाबा. खरंच म्हणतो."

पण एके दिवशी सात वाजता गोटीचा बंगला शेवटच्या मजल्यापर्यंत आला होता. दुपारी दोनपासून बांधत होती. फक्त वरचे दोन पत्ते राहिले होते, आणि फोन वाजला.

"बाबा, कामाच्या वेळात फोन नका करत जाऊ," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा दुप्पट निघाला. "डोक्यातला अख्खा पत्त्यांचा बंगला कोसळतो माझा. एका प्रिंटरसाठी."

"हो का," बाबा म्हणाले. "बरं, बरं. ठेव. ठेव तू." आणि तिच्याआधी त्यांनीच ठेवला.

गोटीला फार वाईट वाटलं. आता, वाईट वाटलं की साधी माणसं काय करतात? पुन्हा फोन लावतात, सॉरी म्हणतात. गोटीसारखी माणसं तसं करत नाहीत. ती प्रोग्रॅम लिहितात.

रविवारी दिवसभर बसून तिने लिहिला. बाबांच्या कॉम्प्युटरवर मधोमध एक लाल बटण आलं, बशीएवढं मोठं. त्यावर लिहिलेलं: अडलं. ते दाबलं की अडकलेले कागद आपोआप रद्द, प्रिंटर पुन्हा जागा, आणि सगळं ठीक आहे हे कळावं म्हणून एक चाचणीचं पान बाहेर. त्या पानावर साधारणपणे काहीतरी रटाळ छापलेलं असतं. गोटीने गंमत म्हणून तिथे टाकलं, "झालं, बाबा. अजून काही?" आणि खाली, बारीक अक्षरात, "गोटी."

शिवाय प्रत्येक वेळी बटण दाबलं की तिला एक मेल येणार, अशीही सोय केली. आणि तो मेल समोर न येता परस्पर एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडणार, अशी दुसरी सोय केली. या धंद्यात नोंद ठेवायची असते. वाचायची असतेच असं नाही.

बटण बसलं आणि फोन थांबले. एकदम, नळ बंद केल्यासारखे. गोटी भलतीच खूश. मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगूनही झालं. साहेब म्हणाले, "वा. घरचा प्रश्न कायमचा सोडवलास."

उरला रविवारचा फोन. पाच मिनिटं.

"बरे आहात ना?"

"बरा आहे. तू?"

"बरी. प्रिंटर?"

"उत्तम चाललाय."

"मग ठेवू?"

"ठेव, ठेव."

किती पानं झाली, हे बाबांनी विचारणं सोडलंय, हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आठ महिने गेले आणि गोटीच्या मागे तो हरवलेला नंबर लागला.

तिच्या कंपनीने हॉस्पिटलांसाठी एक बोर्ड केला होता. म्हणजे पेशंटने आल्यावर नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि बसायचं. समोर दोन खिडक्या. खिडकीतला माणूस "पुढचा" असं बटण दाबतो आणि बोर्डावर पुढचा नंबर लागतो. यात चुकायला जागाच काय? पण एका हॉस्पिटलातून तक्रार आली. त्रेसष्ट नंबरच्या एक आजी सकाळी नऊला येऊन बसल्या, बोर्डावर बासष्ट लागला, मग चौसष्ट, आणि दुपारी हॉल झाडायला माणसं आली तोवर त्या चिठ्ठी हातात धरून तशाच बसून होत्या. कुणी विचारलं तर म्हणाल्या, "नंबर आला की बोलावतील की."

गोटीने चार दिवस जंग जंग पछाडलं. स्वतःच्या स्क्रीनवर तशाच दोन खिडक्या उघडल्या, आणि एका बोटाने पहिलं बटण, मग दुसरं, मग पहिलं, असं हजार वेळा दाबलं. एकही नंबर गायब होईना. पाइप पाठ झाला. त्याच्यावरच्या गंजाचे ठिपके पाठ झाले. वॉचमनने खालून मान वर करून बघितलं आणि दयेने खाली घातली. मालकीणबाई टीव्हीचा आवाज गेला म्हणून दोनदा वर येऊन गेल्या. दोन्ही वेळा गोटीने दार फक्त वीतभर उघडलं, "काकू, मला टीव्हीतलं कळत नाही" म्हणाली आणि लावून घेतलं. आणि रात्री अंथरुणावर पडलं की त्या आजी. न बघितलेल्या. चिठ्ठी हातात धरून.

पाचव्या दिवशी दुपारी तिला वाटलं, तक्रारीचा मूळ मेल पुन्हा एकदा वाचावा, त्यात खिडकीवाल्याने काहीतरी लिहिलं होतं. तिने मेलमध्ये शोधायला दोन शब्द टाकले: बटण दाबलं.

तक्रारीचा मेल राहिला बाजूला. समोर दोनशे अकरा मेल येऊन पडले. सगळे बाबांच्या कॉम्प्युटरवरून.

पहिले सात इकडचे तिकडचे होते. सकाळी दहा, दुपारी चार, एक अडकलेला कागद, दोन अडकलेले कागद. मग आठवा मेल, संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटं. नववा, सात वाजून एक मिनिट. दहावा, सात वाजून दोन मिनिटं. आणि तिथून खाली, रोज. रविवारसुद्धा.

आता इथे दुसऱ्या कुणालाही जे लगेच कळलं असतं, ते गोटीला कळलं नाही. तिला वाटलं, आपला प्रोग्रॅम चुकतोय. प्रिंटर रोज सातला अडकतो आणि बटण त्याला तात्पुरता सोडवतं, म्हणजे मुळाशी काहीतरी राहिलंय. तिने हॉस्पिटल बाजूला ठेवलं, आपला जुना प्रोग्रॅम काढला आणि ओळ न ओळ तपासली. दोन तास. चूक नव्हती. मग तिने मेल उघडून आतलं वाचायला घेतलं.

सायंकाळी ७.०२. बटण दाबलं. अडकलेले कागद: ०. प्रिंटर: ठीक. चाचणीचं पान छापलं.

पुढचा मेल. अडकलेले कागद: शून्य. प्रिंटर: ठीक. त्याच्या पुढचा. शून्य, ठीक. गोटी खाली खाली जात राहिली. शून्य, ठीक. शून्य, ठीक. दोनशे चार वेळा.

अडकलेलं काहीच नव्हतं. छापायला दिलेलंही काही नव्हतं. कित्येक महिने त्या प्रिंटरमधून दुसरं काही बाहेरच आलं नव्हतं. एकच पान यायचं, रोज, दुकान बंद करायच्या वेळेला.

झालं, बाबा. अजून काही?

गोटी खिडकीपाशी गेली. पाइपाकडे बघितलं, पण पाइप दिसत नव्हता.

परत आली आणि तिने काय केलं असेल? फोन उचलला असेल, असं वाटेल कुणालाही. नाही. तिने पुन्हा प्रोग्रॅमच उघडला. आणि या धंद्यातलं कुणीही शुद्धीवर असताना करत नाही ते केलं: नीट चालणारी गोष्ट स्वतःच्या हाताने बिघडवली. पान छापायची ओळ काढून टाकली. त्या जागी लिहिलं की बटण दाबलं की पडद्यावर फक्त एवढंच यावं: हे मला जमत नाही. गोटीला फोन करा.

एका मिनिटात ते बाबांच्या कॉम्प्युटरवर जाऊनही बसलं. वाजले होते साडेसहा.

मग ती फोन समोर ठेवून बसली. आवाज पूर्ण वाढवला. उलटा ठेवला, सुलटा ठेवला. पंख्याकडे बघून "हॅलो" म्हणाली.

सात वाजून दोन मिनिटांनी मेल आला. बटण दाबलं.

सात वाजून तीन मिनिटं. बटण दाबलं.

सात वाजून सहा मिनिटं. बटण दाबलं.

आणि मग काहीच नाही. सव्वासात झाले, वीस झाले. फोन काळाठिक्कर. खाली मालकीणबाईंचा टीव्ही मुकाच चालला असणार, कारण एरवी ऐकू येणाऱ्या बातम्या येत नव्हत्या. वाचलं तर आहे, गोटी मनात म्हणत होती, तीनदा वाचलंय, एवढं सरळ लिहिलंय, मग करत का नाहीत? साडेसात झाले तेव्हा तिला ते वाक्य आठवलं. कामाच्या वेळात फोन नका करत जाऊ. ते तिनेच सांगितलं होतं, आणि बाबा आयुष्यभर दुसऱ्याने सांगितलेलं जसंच्या तसं उतरवून घेत आले होते. एक अक्षर इकडचं तिकडे न करता.

तिने फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला.

"हॅ..." आवाज फुटला नाही. तिने घसा खाकरला.

"गोटी? काय गं? आज रविवार नाही."

"नाही. सहजच."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. काय करत होता?"

"काही नाही. ते तुझं बटण... राहू दे. तू कामात असशील. रविवारी बोलू."

"काय झालं बटणाला?"

"बिघडलंय वाटतं. कागद देत नाही. नुसतं म्हणतं, गोटीला फोन करा."

"मग केला का नाहीत?"

"तुझं ते पत्त्यांचं असतं ना. या वेळेला."

गोटीने फोन तोंडापासून लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"बाबा, ते बिघडलेलं नाही. मी बिघडवलंय."

"तू?"

"मुद्दाम."

मुद्दाम केलेली चूक ही गोष्ट पस्तीस वर्षं टायपिंग केलेल्या माणसाला पचणं शक्यच नव्हतं. ते विचार करत असल्याचं ऐकू येत होतं. शेवटी म्हणाले, "साहेबांना कळलं का?"

गोटीला हसू आलं आणि हसताना नाक वाहायला लागलं, ते तिने बाहीला पुसलं. "नाही कळलं. बाबा, तुम्हाला काय छापायचं होतं आज?"

"छापायचं कुठे काय. आता कोण येतंय माझ्याकडे टाइप करून घ्यायला. कागद हवा होता."

"कुठला कागद?"

"तुझा तो. अजून काही, विचारतेस ना." आणि लगेच, विषय हातातून निसटायच्या आत झाकून टाकावा तसं, "ते जाऊ दे. आज किती पानं झाली?"

आठ महिन्यांनी आलेला प्रश्न. गोटीने तो नीट ऐकून घेतला.

"एकही नाही. चार दिवस झाले, अडलंय."

"काय अडलंय?"

तुम्हाला नाही कळणार, हे तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने ते गिळलं आणि सगळं सांगितलं. हॉल, चिठ्ठ्या, बोर्ड, त्रेसष्ट नंबरच्या आजी. बाबा एखादा अर्जदार आपली कैफियत सांगत असावा तसे मध्ये मध्ये "हं, पुढे" म्हणत होते.

"खिडक्या किती म्हणालीस?"

"दोन."

"दोन्हींकडे वेगवेगळी माणसं?"

"हो."

"आणि तू दाबून बघतेस तेव्हा?"

"मी एकटीच. एकदा हे, एकदा ते."

"मग कसं अडकेल? टाइपरायटर एका बोटाने मारला तर सात जन्मांत अडकत नाही. दोन बटणं एकदम दाबली गेली की अडकतो. दोन्ही दांड्या एका वेळी वर येतात, एकमेकींत गुंततात आणि कागदावर उमटतं एकच अक्षर. दुसरं गेलं कुठे म्हणून शोधत बस. नवीन पोरं शिकायला आली की हेच व्हायचं."

गोटीच्या डोक्यात बंगला उभा राहिला, एकदम, पायापासून शेंड्यापर्यंत, एकही पत्ता न हलता. दोन खिडक्या. दोन माणसं. एकाच क्षणी दोन बोटं. दोघांनाही बासष्ट दिसतोय, दोघेही पुढचा म्हणतात, नंबर दोन घरं पुढे जातो आणि बोर्डावर उमटतो एकच. आणि ती चार दिवस एकटीने दोघांचं काम करत बसली होती.

तिची बोटं कीबोर्डवर गेली होती. हॉस्पिटलच्या खिडक्या सकाळी आठला उघडतात, तिने हिशेब केला, त्याच्या आत सहज होईल. तिने बोटं मागे घेतली आणि लॅपटॉप मिटला.

"सापडलं का?" बाबांनी विचारलं.

"सापडलं."

"मग बस कामाला. ठेवू मी?"

"नका ठेवू. बाबा, त्या कागदांचं तुम्ही करता काय?"

"करायचं काय. विचारतेस तर उत्तर द्यायला नको? अर्धा कागद कोराच असतो खाली. माझ्या जुन्या टाइपरायटरला लावतो आणि मारतो दोन ओळी. हातही चालू राहतो."

"रोज?"

"रोज विचारतेस की. म्हणजे मला कळतं गं, तू काही रोज बसून लिहीत नाहीस. तेवढं कळतं मला. पण एकदा तरी बसून लिहिलंच असशील ना."

खिडकीबाहेर पाइप आता अंधारात गेला होता. खाली वॉचमनने गेटवरचा दिवा लावला.

"किती पानं झाली?" गोटीने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"दोनशे चार," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जुन्या टेबलाची ऐट आली. "पहिली सात फेकून दिली, खोटं कशाला बोलू. मला वाटलं मशीनच विचारतंय. आठव्याला चष्मा होता डोळ्यावर, तर खाली तुझं नाव."

"पाठवली का नाहीत?"

"तू कामात."

गोटी जमिनीवर बसली. टेबलाला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन. तिथून खोली मोठी दिसत होती.

"वाचून दाखवा."

"सगळी? वेड लागलंय. तुझा वेळ..."

"पहिल्यापासून."

बाबांची खुर्ची सरकली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पुष्कळ कागद एकदम उचलल्याचा, मग चष्म्याची डबी. त्यांनी घसा साफ केला, अर्जदाराला त्याचा अर्ज वाचून दाखवायचे तेव्हा करायचे तसा.

"वर तुझं आहे, 'झालं, बाबा. अजून काही?' आणि खाली माझं." ते थांबले. "'हो. प्रिंटर आधीच चालू होता. मी उगाच दाबलं. रागावू नकोस.'"

पलीकडे कागद उलटला.

"दुसरं वाचा," गोटी म्हणाली.